नेपाळचे सण पाहायला जायचे असेल तर: तिथी, ठिकाण आणि तयारी

काठमांडूला जाणारे बहुतेक मराठी यात्रेकरू मे महिन्याची सुट्टी किंवा दिवाळीच्या आगेमागचे दिवस पाहून पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथाची यात्रा ठरवतात आणि वाटेत एखादा सण आलाच तर तो पाहतात. सणांसाठीच नेपाळला जायचे असेल, तर हा क्रम उलटा करावा लागतो. आधी सण निवडावा, मग त्याची तिथी काढावी, तो कोणत्या शहरात आणि कोणत्या चौकात होतो ते पाहावे आणि तिकिटांचा विचार सर्वांत शेवटी करावा.

तारखा काढण्यासाठी नेपाळची कालगणना थोडी समजून घ्यावी लागते. तेथील सरकारी व्यवहार विक्रम संवतावर चालतो आणि त्याचे महिने सौर असतात. एप्रिलच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत इसवी सनात ५७ आणि जानेवारीपासून नववर्षापर्यंत ५६ मिळवले की विक्रम संवताचे वर्ष मिळते. या सौर महिन्यांतील दिवसाला ‘गते’ म्हणतात. नववर्ष (वैशाख १ गते), माघे संक्रांती (माघ १ गते) आणि सगळे राष्ट्रीय दिवस गतेप्रमाणे येत असल्यामुळे आपल्या कॅलेंडरात ते फार तर एखाद्या दिवसाने पुढेमागे होतात. बहुतेक धार्मिक सण मात्र तिथीने ठरतात.

तिथीसाठी घरातले मराठी पंचांग पुरेसे आहे, मात्र एक पथ्य पाळावे लागते. महाराष्ट्रात चांद्रमास अमावास्येला संपतो, तर नेपाळमध्ये तो पौर्णिमेला संपतो. शुक्ल पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते. कृष्ण पक्षात नेपाळी नाव एक महिना पुढे जाते. म्हणून आपल्या माघ वद्य चतुर्दशीची महाशिवरात्र तेथे फाल्गुन कृष्ण चतुर्दशीला येते आणि नेपाळी चैत्र कृष्ण अमावास्येची काठमांडूच्या टुंडिखेल मैदानावरील घोडेजात्रा म्हणजे आपल्या गुढीपाडव्याचा आदला दिवस असतो. दिवस तोच, नाव मात्र वेगळे. हे ध्यानात न घेता नेपाळी तिथी मराठी पंचांगात शोधली, तर आपण एक महिना चुकीच्या वेळी पोहोचू. सूर्योदयाच्या फरकामुळे क्वचित एखादा दिवसही इकडेतिकडे होतो. म्हणून शेवटचा पडताळा नेपाळी पंचांगातच घ्यावा. तेथे पंचांग निर्णायक समिती सणांचे दिवस ठरवते आणि दशैंच्या टिळ्याचा मुहूर्तही जाहीर करते. हे मुहूर्त नेपाळच्या घड्याळाप्रमाणे असतात आणि ते घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते.

सण निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हा सण रस्त्यावरचा आहे की घरातला? रस्त्यावरच्या जत्रेत परका माणूस सहज सामावतो. घरातल्या सणात ओळखीचे घर नसेल, तर बंद दुकानांच्या गल्ल्यांतून फिरण्याची वेळ येते.

पहिल्याच भेटीत एक सण पाहायचा असेल, तर मी निःशंकपणे इंद्रजात्रेचे नाव सुचवेन. भाद्रपद शुक्ल द्वादशीला काठमांडूच्या हनुमान ढोका दरबारासमोर ‘लिंगो’ नावाचा लाकडी खांब दोरांनी ओढून उभा केला जातो आणि तेथून आठ दिवस हा उत्सव चालतो. आईसाठी पारिजातकाची फुले चोरायला आलेला इंद्र येथील लोकांनी ओळखला नाही व त्याला बांधून ठेवले. मग त्याची आई खाली उतरली आणि पिकांसाठी दव व धुके देण्याचे वचन देऊन तिने मुलाला सोडवले, अशी कथा आहे. आपल्या अनंत चतुर्दशीला, म्हणजे महाराष्ट्रात गणेश विसर्जन चालू असते त्याच दिवशी, जिवंत देवी मानली जाणारी कुमारी रथात बसते. गणेश आणि भैरव यांच्या रूपातील दोन बालकांचे रथ तिच्यासोबत असतात. दरबारालगतच्या वसंतपूर चौकात दुपारी लवकर पोहोचून एखाद्या देवळाच्या पायऱ्यांवर जागा धरावी. लाल मुखवट्याचा लाखे नावाचा राक्षस नाचत येतो, पांढऱ्या हत्तीच्या वेशातील पुलुकिसी गर्दीत घुसतो आणि श्वेत भैरवाच्या भव्य मुखातून नळीने जाँड (तांदळाची घरगुती दारू) वाहू लागली की तिचा घोट मिळवण्यासाठी तरुणांची झुंबड उडते. रथ पुढच्या दिवशी शहराच्या दुसऱ्या भागातून फिरतो, त्यामुळे मार्ग आदल्या संध्याकाळी स्थानिकांना विचारून घ्यावा. १७६८ साली पृथ्वीनारायण शाहांनी याच उत्सवाच्या दिवशी काठमांडू घेतले, हे चौकात उभे असताना आठवावे. ज्यांच्या घरचा गणपती पाच दिवसांचा असतो, त्यांना ही जात्रा सोयीने गाठता येते.

गाईजात्रा आपल्या श्रावण वद्य प्रतिपदेला, राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येते. वर्षभरात ज्या घरात मृत्यू झाला असेल, ते घर गाय किंवा गाईचा वेश दिलेले मूल मिरवणुकीत पाठवते. ती पाहायला काठमांडूजवळच्या भक्तपूरला जावे. तेथे बांबूच्या उंच चौकटीला कापड गुंडाळून त्यावर मृत व्यक्तीचे छायाचित्र लावतात आणि पुढे मुले-माणसे काठ्या आपटीत ‘घिंताङ घिसि’ नाचतात. शोक असा सर्वांसमोर आणि सर्वांच्या सोबतीने करणारे हे लोक पाहून माणूस नम्र होतो. मात्र कॅमेरा पुढे करण्यापूर्वी घरच्यांची संमती घ्यावीच.

भक्तपूरचीच बिस्केट जात्रा वैशाख १ गतेच्या काही दिवस आधी सुरू होते. भैरवाचा रथ आपल्या बाजूला न्यावा म्हणून वरच्या आणि खालच्या वस्तीत रस्सीखेच चालते. ही चुरस खरीखुरी असून अपघातही होतात. म्हणून दोराच्या रेषेत न थांबता वरच्या मजल्यावरून पाहावे. काठमांडूलगतच्या पाटण शहरातील रातो (लाल) मच्छिंद्रनाथाच्या रथयात्रेची आपल्याकडील नाथपंथी भाविकांना विशेष ओढ वाटेल. काठमांडू खोऱ्यातील मूळ रहिवासी असलेल्या नेवार समाजातील बौद्ध याच देवाला करुणामय म्हणून पूजतात. ही यात्रा वैशाखात सुरू होऊन कित्येक आठवडे चालते आणि जावलाखेलला मच्छिंद्रनाथाचा रत्नजडित भोटो (बंडी) दाखवून संपते. त्या शेवटच्या दिवसाचा मुहूर्त ज्योतिषी ठरवतात. म्हणून त्याच्या भरवशावर परतीचे तिकीट आधी काढू नये.

दशैं हा नेपाळचा सर्वांत मोठा सण असून तो घटस्थापनेपासून कोजागरीपर्यंत पंधरा दिवस चालतो. घटाशेजारी उजेडाआड जव पेरतात आणि दहा दिवसांत त्याची पिवळी पाती वर येतात. ही जमरा होय. सप्तमीला गोरखा येथून आलेली फूलपाती, म्हणजे पूजेची फुले-पाने, हनुमान ढोक्यात नेतात. नवमीला तेथील तलेजू देवीचे मंदिर सर्वसामान्यांसाठी उघडते आणि ही संधी वर्षातून एकदाच मिळते. अष्टमी-नवमीला बळी दिले जातात. ज्यांना ते पाहवणार नाही, त्यांनी त्या दोन दिवसांत देवीच्या मंदिरांकडे जाऊ नये. दशमीला वडीलधारी मंडळी दही, तांदूळ आणि लाल अबीर यांचा जाडसर टिळा कपाळावर लावतात, कानावर जमरा खोचतात, आशीर्वादाचे मंत्र म्हणतात आणि दक्षिणा देतात. टिळा घेण्यासाठी पौर्णिमेपर्यंत नातलगांकडे जाणे चालू राहते. त्याआधीच काठमांडू रिकामे झालेले असते आणि गावाकडे जाणाऱ्या बसमध्ये जागा मिळत नाही. दशैंसाठी नेपाळी मित्राचे बोलावणे असेल तरच जावे.

तिहार आपल्या दिवाळीच्याच दिवसांत येतो आणि पाहुण्यालाही सहज खुला असतो. पहिला दिवस कावळ्याचा, दुसरा कुत्र्याचा, तिसरा गाईचा आणि लक्ष्मीचा. रस्त्यावरच्या बेवारस कुत्र्याच्याही गळ्यात झेंडूची माळ आणि कपाळावर टिळा दिसतो. चौथ्या दिवशी, आपल्या बलिप्रतिपदेला, नेवार लोकांच्या नेपाळ संवताचे नवे वर्ष सुरू होते आणि ते घरोघरी म्हपूजा, म्हणजे स्वतःच्या देहाची पूजा, करतात. संध्याकाळी देउसी-भैलोची गाणी गात येणाऱ्यांसाठी सेलरोटी (तांदळाच्या पिठाची तळलेली गोल कडी) आणि सुटे पैसे तयार ठेवावेत. पाचव्या दिवशी बहीण भावाभोवती तेल-पाण्याची धार फिरवते, उंबऱ्याशी अक्रोड फोडते, सप्तरंगी टिळा लावते आणि न सुकणाऱ्या मखमली फुलांची माळ घालते. ज्यांना भाऊ-बहीण नाही, त्यांच्यासाठी काठमांडूतील राणीपोखरी तळ्याच्या मध्यावरील मंदिर त्या दिवशी उघडतात.

इतर सणांसाठी ठिकाण अचूक निवडले की काम झाले. हरितालिकेच्या दिवशी पशुपतिनाथापाशी लाल साड्यांतील स्त्रियांचा महापूर असतो आणि महाशिवरात्रीला तेथेच देशोदेशीचे साधू उतरतात. बुद्धपौर्णिमेला लुंबिनी, स्वयंभू किंवा बौद्धनाथ गाठावे. विवाहपंचमी (राम-सीतेच्या विवाहाचा उत्सव) आणि छठ या दोन्हींसाठी जनकपूरला पर्याय नाही. माघी हे थारू समाजाचे नववर्ष असल्याने ते पश्चिम तराईत, दांग-बर्दिया भागात पाहावे. ल्होसार, म्हणजे नववर्षाचे सण, तीन आहेत: गुरुंगांचा पौष १५ गतेला, तामांगांचा माघ शुक्ल प्रतिपदेला आणि शेर्पांचा ग्याल्पो ल्होसार फाल्गुन शुक्ल प्रतिपदेला. होळीचा रंग डोंगरी भागात पौर्णिमेला आणि तराईत दुसऱ्या दिवशी खेळतात.

राष्ट्रीय दिवसांपैकी जेठ १५ गतेचा गणतंत्र दिवस (२००८ साली राजेशाही संपल्याचा) आणि असोज ३ गतेचा संविधान दिवस (२०१५ च्या राज्यघटनेचा) हे मुख्य आहेत. त्या दिवशी कार्यालये बंद असतात आणि संचलनामुळे टुंडिखेलच्या आसपासची वाहतूक वळवली जाते, एवढे लक्षात ठेवून बाकीचे बेत आखावेत. असार १५ गते हा भातलावणीचा दिवस मात्र आवर्जून अनुभवावा. त्या दिवशी शेतात चिखल खेळतात आणि दही-चिउरा, म्हणजे दही-पोहे, खातात.

भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र जवळ ठेवावे, केवळ आधारवर विसंबू नये. १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे. पशुपतिनाथाच्या मुख्य मंदिरात चामड्याच्या वस्तू नेता येत नाहीत आणि कुमारी घराच्या चौकात कुमारी खिडकीत आली तरी तिचे छायाचित्र घेण्यास मनाई आहे. इंद्रजात्रा आणि तिहार यांसाठी काठमांडूत राहण्याची जागा वसंतपूर किंवा असन बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्यावी, कारण रथ निघाल्यावर तेथे टॅक्सी पोहोचत नाही.