मृगाआधीची शाकारणी : मंडळीच्या तरुण संघाने घरदुरुस्तीला जाताना

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या घाटमाथ्याकडील भागात, विशेषतः जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, मृग निघण्यापूर्वी घर शाकारून घेणे, म्हणजे छपराची फुटकी कौले आणि कुजलेले लाकूड बदलणे, हे दरवर्षीचे काम असते. ज्या घरात वर चढू शकणारे कोणी उरलेले नाही, तिथे ते एक-दोन वर्षे राहून जाते आणि मग गळती वाशांपर्यंत पोहोचते. मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, तरुण संघाला सुट्टीत एखाद्या गावी मुक्काम करून घरे दुरुस्त करायची असतील, तर याच कामापासून सुरुवात करावी. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला होता, तेव्हा मिशनचा आणि छपराचा संबंध आपल्याकडे काही आजचा नाही.

गावाची निवड पाळकांनी एकट्याने करू नये. महिनाभर आधी दोघा-तिघांनी गावात जाऊन पंचायतीच्या सदस्यांना आणि गावातील वडीलधाऱ्यांना भेटावे, आपण कोण, कुठल्या मंडळीचे आणि काय करायला येणार हे सरळ सांगावे. दुरुस्ती करून देणाऱ्यांच्या हेतूविषयी लोकांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. म्हणून घर कोणत्या धर्माच्या कुटुंबाचे आहे हे पाहून निवड करू नये, कामाच्या जागी पत्रके वाटू नयेत आणि सकाळची प्रार्थना आपल्या मुक्कामाच्या ठिकाणी आटोपूनच निघावे. कोणी आपणहून विचारले तर उत्तर द्यावे. न विचारता सुरू केलेले बोलणे घरमालकाला आपल्या उपकाराची किंमत वाटते.

घर अतिवृष्टीत किंवा पुरात पडले असेल तर एक गोष्ट विसरू नये. २०१९ च्या ऑगस्टमधील पुरानंतर कर्नाटक सरकारने पूर्ण पडलेल्या घरांसाठी ५ लाख रुपयांची मदत जाहीर केली, तेव्हा घराचे किती नुकसान झाले यावरून वर्गवारी करण्यात आली होती. म्हणून पंचनामा होण्यापूर्वी आपण उत्साहाने भिंत उभी करून दिली, तर त्या कुटुंबाचा पुरावाच नाहीसा होतो. आधी तलाठ्यांकडून पंचनामा झाला आहे का ते विचारावे, नसेल तर चारही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत आणि तोवर त्या घराला फक्त ताडपत्री घालून द्यावी.

आता छपराकडे वळू. पहिल्या दिवशी शिडी न लावता घरातल्या माणसाबरोबर सोप्यापासून न्हाणीपर्यंत फिरावे. गेल्या खेपेस एका आज्जींनी जमिनीवर कोळशाने केलेल्या सात खुणा आम्हाला दाखवल्या; गेल्या पावसाळ्यात जिथे जिथे त्या पातेले ठेवीत असत, तिथे तिथे त्यांनी फुली मारून ठेवली होती. आमच्यातील एकाने लगेच फुलीच्या बरोबर वरचे कौल बदलायला घेतले, तेव्हा त्या म्हणाल्या, “तिथं नव्हे रं, पाणी वाश्यावरनं उतरतंय, वरच्या अंगाला बघ.” त्यांचेच खरे होते. पाणी फुटक्या कौलातून आत येते, रिपेवरून (कौले जिच्यावर टेकतात त्या आडव्या लाकडी पट्टीवरून) किंवा वाशावरून खाली घसरते आणि हातभर, कधी दोन हात पुढे जाऊन टपकते. म्हणून दुपारी दारे-खिडक्या लावून अंधार करावा आणि जिथून उजेड दिसतो ते कौल आतूनच खडूने खुणावून ठेवावे.

मंगळुरी कौलाचे वजन दोन ते तीन किलो असते आणि एका चौरस मीटरला साधारण पंधरा कौले लागतात, यावरून खर्चाचा आणि टेम्पोचा अंदाज बांधता येतो. खरेदीला जाताना मात्र घरातले एक अखंड कौल सोबत न्यावे. निरनिराळ्या कारखान्यांच्या कौलांचे खाचे एकमेकांत नीट बसत नाहीत, आणि दिसायला सारखे असलेले कौल पहिल्याच पावसात गळते. जुन्या पडक्या घराची कौले गावातच मिळाली तर त्याहून उत्तम. ती चांगली आहेत का हे बोटाने टिचकी मारून पाहावे, खणखणीत वाजले तर ठेवावे, बद्द आवाज आला तर बाजूला काढावे.

वर चढताना कौलाच्या मध्यावर पाय देऊ नये. वाशांवर आडवी फळी टाकून तिच्यावर बसून काम करावे आणि एकाने खाली शिडी धरून उभे राहावे. वाळवीने पोखरलेली रीप वरून धड दिसते, तेव्हा प्रत्येक रीप स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावी. नवी रीप मारताना अंतर टेपने न ठरवता त्याच घरातली दोन कौले एकावर एक बसवून ठरवावे. वळचणीची शेवटची ओळ तारेने बांधून घ्यावी, कारण वारा तिथूनच आत शिरतो. छपराच्या एखाद्या भागात जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते फोडू किंवा कापू नयेत. त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे.

आमची मोठी चूक अशी झाली की मे महिन्यात एका घराचे अख्खे एक पाखे, म्हणजे छपराची एक उतरती बाजू, आम्ही सकाळीच उघडे केले. तीनच्या सुमारास वळीव आला. माळ्यावरची भाताची दोन पोती भिजली, आणि त्या घरातील काकी एक शब्दही न बोलता रात्री उशिरापर्यंत ते भात पसरत बसल्या. तेव्हापासून आमचा नियम असा आहे की दुपारी दोनपर्यंत जेवढे झाकता येईल तेवढेच उघडायचे, धान्य आधी शेजारच्या घरी हलवायचे आणि ताडपत्री दोरीसह वर तयार ठेवायची.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करण्याचा आग्रह अनेकदा घरातलेच धरतात, कारण तो पक्का वाटतो. तो करू नये. आतली ओल बाहेर पडू शकत नाही आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. भाताचा कोंडा किंवा चिरलेले गवत घालून कुजवलेली माती लावावी. हे काम घरातल्या बायकांना आपल्यापेक्षा कितीतरी चांगले येते, तेव्हा त्यांनी सांगावे आणि आपण माती तुडवावी हेच योग्य.

जेवणाबद्दल संघात नेहमी वाद होतो. आपला शिधा आपण न्यावा हे खरे, पण रोज एका घरची भाकरी-आमटी नाकारली तर लोक दुरावतात. आम्ही दुपारचे जेवण त्या घरी घेतो आणि तांदूळ-डाळ आधीच काकींच्या हाती देतो. मराठी-कन्नड दोन्ही बोलणारा एक जण गटात असावाच, कारण एकाच गल्लीत दोन्ही भाषांची घरे असतात.

निघताना दहा-पंधरा कौले पडवीत रचून ठेवावीत आणि परत कधी येणार ते नक्की सांगावे. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाल्यावर आठवडाभरात दोघांनी पुन्हा जावे, जमिनीवर नव्या फुल्या आहेत का ते पाहावे आणि असतील तर शिडी मागून घ्यावी.