नोकरी सांभाळून ग्रीन बेल्ट, सोलापूरच्या टॉवेल कारखान्यातला अनुभव

कामातले दोष कमी करायची सिक्स सिग्मा म्हणून पद्धत आहे, तिच्यातली ग्रीन बेल्ट ही पायरी केली की वेगळी पोस्ट मिळते का, असं नवीन पोरं विचारतात. बहुतेक ठिकाणी नाही मिळत. सिक्स सिग्मा 1986 साली मोटोरोलात सुरू झालं, त्यात वरच्या पायरीचा ब्लॅक बेल्टवाला सहसा पूर्णवेळ सुधारणेचंच काम बघतो आणि ग्रीन बेल्टवाला आपली ड्युटी करून प्रोजेक्ट चालवतो. मला ही जागा जास्त मोलाची वाटते, कारण आपण रोज त्याच लोकांत उभे असतो.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल युनिटला चेकिंग सुपरवायझर होतो. पहिला प्रोजेक्ट घेतला "सेकंड माल कमी करणे", तिथंच चुकलो. सेकंडमध्ये, म्हणजे दोष निघालेल्या मालात, डाग, तुटका धागा, रंगाच्या शेडमधला फरक, शिलाई सगळंच येतं, दोन महिने नुसते आकडे लिहिण्यात गेले. मग फक्त तेलाचे डाग धरले. टेबलावर वही ठेवली, चेकिंगच्या बायका डाग दिसला की रोलच्या चिठ्ठीवरून लूमचा (मागाचा) नंबर आणि शिफ्ट बघून रेघ मारायच्या. तीन आठवड्यात दिसलं की रेघा ठराविक चार लूमच्या आणि सकाळच्या शिफ्टच्या, ऑईलिंग तेव्हाच व्हायचं. लूमची देखभाल बघणाऱ्या जॉबर अण्णांना विचारलं तर म्हणाले, "तेल सोडल्यावर पुसायला फडकंच नसतंय साहेब, स्टोअरला मागितलं की चिठ्ठी आणा म्हणतेत." टॉवेलच्या कारखान्यात फडकं नाही! कटिंगच्या तुकड्यांची पिशवी प्रत्येक लूमला बांधली, पुसल्याशिवाय लूम चालू करायचा नाही असं ठरलं, डाग बरेच कमी झाले.

पण डीएमएआयसीतलं, म्हणजे सिक्स सिग्माच्या पाच टप्प्यांतलं (ठरवा, मोजा, तपासा, सुधारा, टिकवा), शेवटचं कंट्रोल मी हलक्यात घेतलं. ऑर्डरच्या गडबडीत पिशव्या रिकाम्या झाल्या, वही बंद पडली आणि महिन्याभरात डाग परत. मग पिशवी भरायचं काम अण्णांच्या सकाळच्या चेकलिस्टात टाकलं, तेव्हा टिकलं.

आणि वेळेचं पहिल्याच दिवशी बोलून घ्या. साहेब म्हणतात "काढ की वेळ", तो कधीच निघत नाही, मी सहा महिने घरी बसून रात्री एक्सेल भरलंय. नंतर मंगळवार-गुरुवार 2 ते 4 प्रोजेक्ट, असं साहेबांच्या सहीनं डिपार्टमेंटच्या बोर्डावर लावून घेतलं, तेवढ्या वेळात चेकिंग कोण बघणार त्याचं नावसुद्धा खाली लिहिलं.