बाळंतपणात प्रसाविका परिचारिकेची मदत कशी घ्यावी

प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात बाळंतपणाच्या वेळी बाईजवळ सर्वांत जास्त वेळ असते ती प्रसाविका परिचारिका, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ‘सिस्टर’. काही बिघडले तर डॉक्टर येतातच. पण बिघडू लागले आहे हे आधी ओळखायचे काम सिस्टरांचे असते. विदर्भातील एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात मी अनेक वर्षे हे काम केले आहे, आणि वेळेवर मिळालेली माहिती किती मोलाची असते ते रोज पाहिले आहे.

दिवस राहिल्याचे कळताच, पहिल्या 12 आठवड्यांच्या आत, उपकेंद्रातील एएनएम (साहाय्यक परिचारिका प्रसाविका) सिस्टरांकडे नाव नोंदवावे आणि माता व बाल संरक्षण कार्ड घ्यावे. निदान चार तपासण्या झाल्याच पाहिजेत. रक्तदाब 140/90 किंवा त्याहून अधिक भरला, हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेले, तर त्याचा अर्थ काय आणि पुढे काय करायचे हे तिथेच विचारून घ्यावे. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो, म्हणून ती तपासणी राहिली असल्यास आग्रहाने करून घ्यावी. दर महिन्याच्या 9 तारखेला शासकीय रुग्णालयांत गर्भवतींची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, तो दिवस मजुरीसाठी चुकवू नये.

पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते, आणि नेमके तिचे कार्ड सासरी राहते. कापूस वेचणीच्या दिवसांत एका रात्री कळा सुरू झालेली एक मुलगी आमच्याकडे आली. तिला सिकलसेल आहे हे तिच्या आईलाही ठाऊक नव्हते आणि कार्ड सासरच्या पेटीत होते. त्या रात्री सगळ्या तपासण्या नव्याने कराव्या लागल्या, आणि ज्या बाईला सुरुवातीपासूनच मोठ्या रुग्णालयात न्यायला हवे होते तिला ऐन कळांत न्यावे लागले. म्हणून ओटी भरून लेकीची पाठवणी करताना साडीआधी कार्ड आणि सर्व रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून द्यावेत, आणि माहेरी पोहोचताच तिथल्या आशाताईंना व एएनएम सिस्टरांना ते दाखवावेत.

पावसाळ्यात नाल्याला पूर येऊन ज्यांची वाट बंद होते, त्यांनी तारखेच्या काही दिवस आधीच रुग्णालयाजवळ मुक्काम हलवावा. मेळघाट, गडचिरोलीसारख्या दुर्गम भागांत काही आरोग्य केंद्रांजवळ यासाठीच ‘माहेरघर’ असते. आपल्या केंद्रात ती सोय आहे का, हे आशाताईंना विचारावे. गाडीसाठी 102 किंवा 108 क्रमांकावर फोन करावा. अंगावरून पाणी किंवा रक्त गेले, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, झटके आले किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर कळांची वाट पाहू नये.

प्रसूतिकक्षात सिस्टर एक हात पोटावर ठेवून घड्याळाकडे पाहत दहा मिनिटांत किती कळा येतात आणि प्रत्येक कळ किती सेकंद टिकते ते मोजतात, बाळाचे ठोके ऐकतात आणि सगळे कागदावर नोंदवतात. बाळाचे ठोके मिनिटाला साधारण 110 ते 160 असावे लागतात. बाहेर बसलेल्यांना वाटते की सिस्टर काहीच करत नाहीत, आणि मग ‘लवकर मोकळी होण्याचे इंजेक्शन द्या’ असा हट्ट सुरू होतो. तो करू नये. अकारण वाढवलेल्या कळांनी गर्भाशयाला आणि बाळालाही धोका होतो. वरून पोट दाबण्याचा आग्रहही नको. त्याऐवजी अनुभवी, शांत स्वभावाची एक बाई सोबत द्यावी, जी पाणी पाजेल, पाठ चोळेल आणि बाईला धीर देईल.

बाळ बाहेर आल्यावर मिनिटभरात आईला रक्तस्राव रोखण्यासाठी ऑक्सिटोसिनचे 10 युनिटचे इंजेक्शन देतात. हे मात्र प्रत्येकीला हवेच. बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवतात, तासाभरात चीक पाजवतात. मध किंवा घुटी चाटवू नये.

सिस्टरांनी पुढे मोठ्या रुग्णालयात न्यायला सांगितले तर घरच्या वडीलधाऱ्यांची वाट पाहत थांबू नये. पाठवण्याचे कारण, त्या रुग्णालयाचे नाव आणि दिलेली औषधे चिठ्ठीवर लिहून घ्यावीत आणि निघावे. सुखरूप बाळंतपणानंतरही निदान 48 तास रुग्णालयातच राहावे, आणि घरी गेल्यावर पॅड वारंवार भिजू लागले, ताप आला किंवा बाळ अंगावर पिईनासे झाले तर त्याच दिवशी परत यावे.