पीसी मधेच बंद पडतो? आधी कधी बंद पडतो ते बघा

पीसी चालता चालता धाडकन बंद होत असेल तर लगेच फॉरमॅट मारायला जाऊ नका. गेम किंवा एडिटिंग चालू असतानाच होत असेल तर बहुतेक हीटचा प्रॉब्लेम, बायोसमधे (पीसी चालू होतानाच उघडता येणारी सेटिंगची स्क्रीन) जाऊन सीपीयूचं म्हणजे मेन प्रोसेसरचं टेंपरेचर बघा, तिथे काही लोड नसताना पण ८०-९० डिग्री दाखवत असेल तर सीपीयूवरचा कूलर नीट बसला नाहीये नाहीतर थर्मल पेस्ट (सीपीयू आणि कूलरच्या मधे लावतात ती, हीट कूलरकडे नेणारी) वाळलीये. माझ्या पीसीत हीटसिंकच्या (कूलरमधला हीट ओढून घेणारा धातूचा भाग) पात्यांमधे धुळीचा जाड थर बसला होता, फॅन फिरतोय पण हवा जातच नव्हती! ब्रशने साफ करताना पीसी बंद, प्लग काढलेला आणि फॅन बोटाने धरलेला हवा. टेंपरेचर नॉर्मल असेल तर दुसरा एसएमपीएस (पीसीला पॉवर देणारा डबा) लावून बघा, पण तो उघडू मात्र अजिबात नका, प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमधे चार्ज राहतो, जोरात शॉक बसू शकतो.