तंजावरचे चित्र देवघरात आणण्यापूर्वीची तयारी

तंजावरचे चित्र, म्हणजे तमिळनाडूतल्या तंजावरच्या शैलीत फळीवर सोन्याचा पत्रा आणि खडे बसवून काढलेले देवाचे चित्र, घ्यायचे ठरले की बहुतेकांचे लक्ष आधी सोन्याकडे आणि मग किमतीकडे जाते. तयारी मात्र त्याआधीच्या एका प्रश्नापासून सुरू करावी: हे चित्र देवघरात पूजेसाठी येणार आहे की बैठकीच्या खोलीत शोभेसाठी लागणार आहे? विषय, आकार, काच, प्रकाश आणि पुढची निगा, सगळे या एका उत्तरावर ठरते. पुढे लिहिले आहे ते पूजेसाठी चित्र आणणाऱ्यांना उद्देशून आहे, कारण ही चित्रे मुळात त्यासाठीच काढली जात. तमिळ घरांतल्या पूजेच्या खोलीत आणि भजनमठांत, दिव्याच्या मंद उजेडात देवाचे रूप उजळून दिसावे म्हणून त्यांत सोने आले.

प्रश्नाचे उत्तर मिळाले की देवता ठरवावी आणि ती घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलून, कुलाचार लक्षात घेऊन ठरवावी. दुकानात उभे राहून हा निर्णय घेऊ नये. लोण्याचा गोळा घेतलेला बाळकृष्ण, वटपत्रावर पहुडलेला कृष्ण, गजलक्ष्मी, सरस्वती, गणपती आणि श्रीरामपट्टाभिषेक, म्हणजे रामाचा राज्याभिषेक, हे या परंपरेचे हातखंडा विषय आहेत आणि त्यांच्या मांडणीला पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव आहे: मधोमध ठसठशीत मूर्ती, भोवती कमान किंवा मंडप, वर पडदा, मागे सपाट लाल, हिरवी वा निळी पार्श्वभूमी. इथला बाळकृष्ण पुष्कळदा सावळा नसून गोरापान आणि गुटगुटीत असतो. ती चूक नव्हे, ती तिथली रीत आहे, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे. पट्टाभिषेकाच्या चित्रात राम, सीता, तिघे भाऊ, हनुमान आणि ऋषी अशी बरीच मंडळी असतात, त्यामुळे ते लहान आकारात घेतल्यास चेहरे बारीक होऊन बिघडतात. लहान देव्हाऱ्यासाठी एकच मूर्ती असलेले चित्र निवडावे. विठोबा हवा असल्यास संकोच करू नये. दक्षिणेतल्या भजनसंप्रदायात मराठी अभंग आजही गायले जातात, तेव्हा पांडुरंग तिथल्या चित्रकाराला परका नाही. खंडोबा किंवा एखादी ग्रामदेवता काढून घ्यायची असेल, तर मात्र मूर्तीचा स्पष्ट फोटो आणि आयुधांचे वर्णन सोबत न्यावे, नाहीतर चित्रकार आपल्या सवयीचे अलंकार आणि मुद्रा घालून मोकळा होतो.

आपल्याकडे या चित्रांना सर्रास ‘मराठ्यांची कला’ म्हटले जाते, ते अर्धेच खरे आहे. तंजावरात ती मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांच्या काळापासून घडत आली, तिचे पारंपरिक कारागीर राजू आणि नायडू समाजातले आणि तिच्यामागे विजयनगरचा वारसा आहे. पुढे तंजावरच्या मराठा भोसल्यांच्या दरबाराने, विशेषतः 1798 ते 1832 या काळात राज्य केलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी तिला आश्रय दिला. एवढे माहीत असले की विक्रेत्याच्या तोंडच्या इतिहासाला किती दाद द्यायची ते कळते.

त्यानंतर जागा पाहावी, आणि ती पावसाळ्यात कशी असते हे आठवून पाहावी. चित्राचा पाया लाकडी फळीचा असतो, त्यावर डिंकाने किंवा खळीने चिकटवलेले कापड आणि खडूच्या पुडीचे थर असतात, म्हणजे दमट हवेत फुगणाऱ्या आणि कोरड्या हवेत आकसणाऱ्या पदार्थांची ती उतरंड आहे. म्हणून ओल येणारी बाहेरची भिंत, न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि स्वयंपाकाच्या ओट्यासमोरची जागा वर्ज्य समजावी. कोकणात आणि गोव्यात हा नियम अधिक कडकपणे पाळावा लागतो. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर सोने टिकेल, पण रंग उडतील. जागा ठरल्यावर तिचे माप घ्यावे आणि त्यातून चौकटीची रुंदी वजा करावी. विक्रेता सांगतो ते माप चौकटीसह आहे की नुसत्या चित्राचे, हे न विचारल्यामुळे देव्हाऱ्याच्या कमानीत न मावणारी चित्रे कितीतरी घरांत आली आहेत.

आता प्रत्यक्ष चित्र. ते पारखायचे तर घडणीचा क्रम डोळ्यांसमोर हवा. पूर्वी फणसाची फळी वापरत, आता बहुधा पाण्याला दाद न देणारे प्लायवूड असते, आणि यात कमीपणा नाही, कारण चांगले प्लायवूड वाकत नाही. फळीवर कापड ताणून चिकटवतात, त्यावर खडूची पूड आणि डिंक यांचे लेप देऊन पृष्ठभाग घासून गुळगुळीत करतात आणि मग रेखाटन करतात. दागिने, कमान, आसन, वस्त्रांचे काठ या ठिकाणी खडे बसवतात, खडूच्या पुडीच्या घट्ट लगद्याने उठाव देतात, त्या उठावावर सोन्याचा पातळ पत्रा डिंकाने चिकटवून दाबतात आणि नक्षी उमटवतात. रंग त्यानंतर येतो, आणि डोळे, भुवया, ओठ यांच्या रेषा सर्वांत शेवटी. चित्र हातात आल्यावर ते तिरप्या उजेडात धरावे: उठावाला केसासारख्या भेगा आहेत का, पत्र्याच्या कडा कुठे सुटल्या आहेत का, खडे हलतात का, फळीला बाक आहे का, हे समोरून दिसत नाही, कडेने दिसते. त्यानंतर भिंग घेऊन चेहरा पाहावा. छापील चित्रावर नुसता पत्रा आणि खडे चिकटवून ते हाताने काढलेले म्हणून विकण्याचे प्रकार होतात. छपाईत बारीक ठिपके दिसतात, कुंचल्याच्या रेषेत जाडी कमीजास्त होताना दिसते. माझ्या मते चित्राची खरी परीक्षा चेहऱ्यावरच होते. सोने कोणीही दाबून बसवू शकतो, पण दृष्टी देणारा हात वेगळा असतो, आणि ज्या चित्राकडे पाहून नमस्कार करावासा वाटत नाही ते कितीही झगमगले तरी देवघरासाठी घेऊ नये.

सोन्याबद्दल दोन गोष्टी आधी स्पष्ट कराव्यात. चित्रकार बहुधा 22 कॅरेटचा पत्रा वापरल्याचे सांगतात. तो तसा असेल तर पावतीवर कॅरेटसह लिहून घ्यावे, आणि विक्रेता लिहून देण्यास टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबावे. नकली पत्रा सुरुवातीला अधिकच चकाकतो आणि काही वर्षांत काळवंडतो. दुसरे असे की अस्सल पत्राही इतका पातळ असतो की त्याचे वजन नगण्यच. आपण पैसे मोजतो ते मुख्यतः मजुरीचे, तेव्हा सराफाच्या हिशेबाने घासाघीस करण्यात अर्थ नाही. तंजावर चित्रांना 2007-08 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तमिळनाडू सरकारच्या ‘पूम्पुहार’ या हस्तकला महामंडळाच्या दालनांतही ती मिळतात, आणि बाजारभावाचा अंदाज घेण्यासाठी आधी तिथे चक्कर मारणे सोयीचे पडते. कमी उठावाचे, नाजूक, सौम्य सोन्याचे काम आवडत असेल तर म्हैसूर शैलीची चित्रेही एकदा पाहून घ्यावीत. कित्येकांना आपल्याला हवे होते ते तेच, हे तेव्हा कळते.

‘शंभर वर्षांपूर्वीचे आहे’ असे कोणी सांगितले तर उत्साह आवरावा. शंभर वर्षे वा त्याहून जुने चित्र 1972 च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येते, त्याच्या विक्रीला परवाना लागतो आणि ते परदेशी नेता येत नाही. मुद्दाम जुनाट छटा देऊन केलेली नवी चित्रे बाजारात भरपूर आहेत, ती नवी म्हणूनच घ्यावीत, आणि परदेशी राहणाऱ्यांनी चित्र नवे असल्याचा उल्लेख पावतीत जरूर करून घ्यावा.

चित्र काढून घ्यायचे असेल तर सणाच्या कितीतरी आधी सांगावे, कारण लेप आणि उठाव सावकाश वाळू दिले नाहीत तर पुढे भेगा पडतात. रेखाटन झाल्यावर, उठाव झाल्यावर आणि पत्रा बसल्यावर असे तीन फोटो मागवण्याची बोली आधीच करावी. रंग चढल्यावर खालचे काही तपासता येत नाही. चौकट सागवानी घ्यावी. काच उठावाला टेकू नये म्हणून काच आणि चित्र यांच्यामध्ये अंतर ठेवणारी पट्टी घालायला सांगावे. प्रवासात काच फुटली तर तिचे तुकडे थेट पत्र्यावर ओरखडे पाडतात, म्हणून लांबच्या प्रवासासाठी चित्र काचेविना बांधून घ्यावे आणि काच घरी पोचल्यावर बसवावी. चित्र गाडीत आडवे ठेवून त्यावर सामान रचू नये.

चित्र येण्यापूर्वी सुताराकडून भिंतीत दोन हुक बसवून घ्यावेत. फळी, सागवान आणि काच मिळून वजन बरेच होते, एका खिळ्यावर भरवसा ठेवू नये. चौकटीच्या मागच्या चार कोपऱ्यांना लाकडी गुटके लावले की भिंत आणि चित्र यांच्यामध्ये हवा खेळते. समई आणि निरांजन यांची जागा चित्राच्या थेट खाली न ठेवता पुढे आणि थोडी बाजूला ठरवावी, म्हणजे उजेड सोन्यावर पडेल पण काजळी काचेवर चढणार नाही. कापूर आणि उदबत्ती त्याहून दूर ठेवावी. चित्रावर अभिषेक करता येत नाही, म्हणून ताम्हणात ठेवण्यासाठी लहान मूर्ती, टाक किंवा सुपारी वेगळी काढून ठेवावी. गंध, हळद-कुंकू काचेला किंवा चौकटीला लावावे आणि हार चौकटीवरच्या हुकाला अडकवावा. ओली फुले काचेच्या कडेत खोचली की पाणी आत झिरपते. मुहूर्त, नैवेद्य आणि आरती ज्याच्या त्याच्या घरच्या रिवाजाप्रमाणे करावी.

निगेसाठी फार काही लागत नाही: एक मऊ कोरडे फडके आणि वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, चित्र उतरवून मागची बाजू वाळवी व बुरशीसाठी पाहणे. ओले फडके किंवा काच पुसण्याचा फवारा चौकटीवर वापरू नये. पावती, चित्रकाराचा पत्ता आणि चित्राचे काचेविना घेतलेले फोटो एका पाकिटात घालून घरच्या कागदपत्रांत ठेवावेत. पुढे कधी एखादा खडा किंवा पत्र्याचा तुकडा निखळलाच तर तो बाजारच्या गोंदाने घरी चिकटवू नये. कागदाच्या पुडीत घालून त्याच पाकिटात ठेवावा आणि चित्र त्या चित्रकाराकडे किंवा हे काम जाणणाऱ्या दुसऱ्या कारागिराकडे न्यावे.