ताडोबाला निघण्याआधी: ओळखपत्र, गेट आणि बाकीचं

बुकिंग करायला बसाल तेव्हा घरातल्या सगळ्यांची ओळखपत्रं समोर मांडून ठेवा. खरी कार्डं, हातात धरता येतील अशी. ताडोबाच्या सफारीसाठी प्रत्येक प्रवाशाचं नाव आणि ओळखपत्राचा नंबर भरावा लागतो, आणि गेटवर तेच ओळखपत्र, मूळ, दाखवावं लागतं. आधारचा नंबर भरला असेल तर आधार, पॅन भरलं असेल तर पॅन. घाईत जो नंबर पाठ असतो तो माणूस टाकून देतो, आणि निघायच्या दिवशी पाकिटात भलतंच कार्ड असतं. म्हणून कुणाचं कोणतं कार्ड भरलं ते तेव्हाच कागदावर लिहा आणि तो कागद फ्रिजवर लावा. नावाचं स्पेलिंगही कार्डावर आहे तसंच्या तसं. नंतर नाव बदलून घेऊ असं मनात धरू नका. बुकिंग फक्त व्याघ्र प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून करा. सारख्या दिसणाऱ्या नावांची दुकानं नेटवर बरीच आहेत.

तारीख ठरवताना मंगळवार सोडा, कोअर म्हणजे जंगलाचा आतला गाभा त्या दिवशी बंद असतो. 1 जुलै ते 30 सप्टेंबर या काळातही कोअर बंद. पावसाळ्यात बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, जाता येतं, पण रस्त्यांची अवस्था पाहून. डिसेंबर-जानेवारीत जंगल देखणं असतं आणि गारठा कडक. एप्रिल-मे मध्ये पाणवठे आटत जातात, जनावरं उरलेल्या पाण्यावर येतात, म्हणून वाघ दिसण्याची शक्यता वाढते. पण तो चंद्रपूरचा उन्हाळा आहे, पारा 45 च्या वर सहज जातो. लहान मूल किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तर मे महिना टाळा. एवढा वाघ महत्त्वाचा नाही.

आता गेट. इथे फार जणांची फसगत होते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प 1727 चौरस किलोमीटरचा आहे, त्यातलं 625 कोअर. त्याला एक दार नाही. मोहर्ली चंद्रपूर-भद्रावतीच्या बाजूला. कोलारा आणि नवेगाव चिमूरच्या बाजूला. झरी आणि पांगडी कोळसा नावाच्या वनपरिक्षेत्रात. शिवाय बफरची आगरझरी, जुनोना, अलीझंझा अशी वेगळी गेटं. ज्या गेटचं बुकिंग, त्याच गेटनं आत जायचं आणि त्याच गेटनं बाहेर यायचं. राहायची खोली मोहर्लीला आणि सफारी कोलाऱ्याची असं झालं, तर बाहेरच्या रस्त्यानं सगळ्या जंगलाला वळसा घालून पहाटेच्या अंधारात धावावं लागतं. म्हणून आधी गेट मिळवा, मग त्या गेटजवळ खोली. स्वस्त खोली दिसली म्हणून उलटा क्रम लावू नका. नागपूरहून गाडीनं येणाऱ्यांना चिमूरकडची गेटं सोयीची, रेल्वेनं चंद्रपूरला उतरणाऱ्यांना मोहर्ली.

कोअर मिळालं नाही म्हणून हिरमुसून बेत रद्द करणारे पाहिले आहेत. वाघाला कोअर-बफरची रेषा कुठे ठाऊक असते? बफरमध्येही वाघ आहेत, अस्वलं आहेत, रानकुत्र्यांचे कळप आहेत, आणि त्या गेटांवरचं उत्पन्न जंगलाला टेकून राहणाऱ्या गावांना उपयोगी पडतं. एक फेरी कोअरची आणि एक बफरची असा बेत मला सगळ्यात बरा वाटतो. एकाच दिवसात एकच फेरी करून परतायचं असेल तर मात्र एवढ्या लांब येऊ नका. जंगल कळायला निदान दोन सकाळी लागतात.

सामान. कपडे मळकट रंगाचे: खाकी, शेवाळी, तपकिरी. पांढरं, लाल, भगभगीत काही नको. अत्तर नको. थंडीत स्वेटरवर वारा अडवणारं जाकीट, कानटोपी आणि हातमोजे हवेतच. सफारीची गाडी, म्हणजे जिप्सी, उघडी असते, आणि पहाटे धावत्या गाडीत लागणारा वारा खोलीच्या दारात उभं राहून कळत नाही. पुण्या-मुंबईचे लोक शाल पुरेल म्हणतात. पुरत नाही. साडेनऊनंतर ऊन चढतं तेव्हा एकेक थर काढता येईल असे कपडे घाला. धुळीसाठी मोठा रुमाल बारा महिने. उन्हाळ्यात टोपी आणि मीठ-साखर घातलेलं पाणी. पाणी स्टीलच्या बाटलीत, प्लास्टिक घरीच ठेवा. मळमळीची गोळी, रोजची औषधं. पाठीचं दुखणं असलेल्यानं जिप्सीच्या मागच्या उंच बाकावर बसू नये, पुढची ओळ घ्यावी. मागे फार आदळतं.

दुर्बीण घ्या. कॅमेरा नसला तरी चालेल, दुर्बीण हवी. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, तो गेटवर किंवा खोलीवर ठेवावा लागतो. फोटो काढायचे असतील तर कॅमेरा लागेल. मोबाइलबंदीवर कुरकुर करणारे भेटतात, मला ती बंदी मनापासून पटते. एक वाघ दिसला की फोन करकरून गाड्या गोळा व्हायच्या आणि त्या जनावराला रस्ता ओलांडायला जागा राहायची नाही.

आणि मोबाइलवरून आठवलं: मूळ ओळखपत्र. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. आमच्या गाडीतलं एक माणूस याच कारणानं गेटबाहेर राहिलं. बुकिंगला आधार भरलेलं, हातात दुसरंच कार्ड, आधार घरच्या कपाटात. सगळ्यांची कार्डं पाहून घेणं माझ्याकडे होतं आणि मी पाहिली नव्हती. तिथे हुज्जत घालून उपयोग नसतो. गेटवरच्या कर्मचाऱ्यांपुढे यादी असते, मागे गाड्यांची रांग असते, आणि नियम त्यांनी केलेला नसतो. वाईट याचं वाटतं की अशा वेळी घरातलं सगळ्यात समजूतदार माणूस म्हणतं, तुम्ही जा, मी थांबते. तेव्हा सगळी कार्डं एकाच पाकिटात, एकाच माणसाकडे द्या. निघायच्या आदल्या रात्री फ्रिजवरच्या कागदाशी एकेक जुळवून पाहा. आजी-आजोबांचं कार्ड तर आठवडाभर आधीच मागून घ्या, कारण ते बहुधा बँकेच्या कागदांत किंवा मुलीच्या घरी असतं. मुलांचंही घ्या.

आदल्या रात्री: लवकर जेवा, लवकर झोपा. गेटची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, ती मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या आणि अर्धा तास आधी तिथे असा. बुकिंगची छापील प्रत बाहेर काढून ठेवा, त्यावर ते पाकीट ठेवा. सकाळी चहा बेतानं, कारण तीन-चार तास गाडीतून उतरता येत नाही, ठरवून दिलेली जागा सोडून. गेटवरचं स्वच्छतागृह वापरूनच गाडीत बसा, मुलांनाही न्या, त्यांनी नको म्हटलं तरी.

गाडीत बसण्याआधी पाकीट उघडून कार्डं मोजा. खोलीवर मोजलेली असली तरी परत.

आत गेल्यावर गाइडशी नीट बोला. गाइड आसपासच्या गावांतले असतात, काही ठिकाणी स्त्रियाही आहेत, आणि हे जंगल त्यांचं लहानपणापासूनचं आहे. पहिल्या पाच मिनिटांत "वाघ दाखवा हं" म्हटलंत की सकाळ तिथेच संपते. मग गाडी नुसती धावत राहते. त्याऐवजी म्हणा, घाई नाही, जे असेल ते दाखवा. मग साग आणि बांबूच्या रानात काय काय उभं आहे ते कळतं: ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल, मोह, तेंदू, अर्जुन. मोहर्लीहून तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत जुने दगडी खांब आहेत, गोंड राजांच्या काळातले म्हणतात. ताडोबा तलावात मगरी आहेत. तलावाकाठी तारू देवाचं ठाणं आहे. वाघाशी झुंजताना मेलेला तो गावप्रमुख, अशी कथा सांगतात. त्याच्याच नावावरून ताडोबा. पौषात तिथे आदिवासी बांधव जत्रेला येतात. राज्यातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, 1955 चं, असं आपण म्हणतो, पण या जागेला त्याआधीपासून माणसांनी देव मानलेलं आहे. तसे वागा.

गाडी थांबली की गप्प बसा. चितळ ओरडलं, वानर खाकरलं, की गाइड कान टवकारतो. सांबराचा कॉल, म्हणजे धोक्याची हाक, आला तर बहुतेक वेळा काहीतरी खरंच जवळ असतं. हे ऐकायला शांतता लागते, आणि मागच्या बाकावर चिवड्याची पिशवी कुरकुरत असेल तर काहीच ऐकू येत नाही. वाघ दिसला तर उभं राहून ओरडू नका, ड्रायव्हरला पुढे घे, पुढे घे करू नका. पैशाचं आमिष दाखवून गाडी जवळ घ्यायला लावणं तर अजिबात नको. शिक्षा त्या ड्रायव्हर-गाइडला होते, त्याचं पोट त्यावर आहे. जनावरानं रस्ता ओलांडायचा असेल तर त्याला जागा हवी. दिसला नाही तरी तोंड वाकडं करू नका, मुलं तेच शिकतात.

दुपारची फेरी: तेच सगळं, पाणी दुप्पट, आणि बुकिंग वेगळं असल्यामुळे ओळखपत्रं पुन्हा तपासली जातात. सकाळी दाखवली म्हणून खोलीवर ठेवून जाऊ नका.

परतताना कचरा आपल्याबरोबर. गाइड आणि ड्रायव्हरला जमेल तेवढं हातात द्या. गेटवर ठेवलेले फोन मोजून घ्या. संध्याकाळची फेरी संपल्यावर चंद्रपूर स्टेशन गाठायचं असेल तर रात्रीची उशिराची गाडी धरा. गेटमधून बाहेर पडायलाच अंधार होतो, आणि त्या रस्त्यावर जनावरं आडवी येतात, गाडी हळूच चालवावी लागते.