थ्रीडी प्रिंटचा प्रोटोटाइप करताय? या चुका टाळा

माझ्याकडे फाइल घेऊन येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कधी मिळेल?" मी उलट विचारतो, "पार्ट हातात आल्यावर नेमकं काय बघायचंय?" दिसतो कसा, जागेवर बसतो का, की जोर सोसतो? तिन्हींसाठी पद्धत, मटेरिअल आणि छापायची दिशा वेगळी असते. हे न ठरवता मशीन सुरू करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि भोसरीच्या या शेडमध्ये ती मी वर्षानुवर्षं बघतोय.

दिशेचंच घ्या. एफडीएम या पद्धतीत फिलामेंट, म्हणजे प्लास्टिकची तार, वितळून थरावर थर चढतो. एका थरात प्लास्टिक सलग असतं, दोन थरांमधला जोड मात्र नुसता गरम असताना चिकटलेला. तिथे ताण आला की पार्ट थराच्या रेषेवर सुटतो. हे माहीत असूनही सपोर्ट (अधांतरी भागाखाली छापायचा तात्पुरता आधार) आणि वेळ वाचतो म्हणून लोक पार्ट उभा छापतात.

मीही छापला होता. सेन्सरच्या डबीचं झाकण होतं, त्याला चार स्नॅप-फिट हुक, म्हणजे दाबल्यावर वाकून खटकन अडकणारे, १.५ मिमी जाडीचे. संध्याकाळपर्यंत हवं होतं. हुक वर करून छापलं तर सपोर्ट लागत नव्हता, म्हणून तसंच दिलं. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये झाकण दाबताना तीन हुक मुळाशी तुटले. हुक कमजोर आहे असं सगळ्यांनी ठरवलं, जाडी २ मिमी केली आणि उत्पादनासाठीचा मोल्ड, म्हणजे स्टीलचा साचा, कापायला दिला. मोल्डिंगमध्ये वितळलेलं प्लास्टिक साच्यात भरतात, त्या पार्टमध्ये असे थर नसतातच. तिथे १.५ चा हुक सहज वाकला असता. ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे १.५ चे २ केले की वाकवायला सव्वादोन पटीहून जास्त जोर लागतो. असेंब्लीच्या मुली झाकणं तळहाताने ठोकून बसवायला लागल्या. मोल्डमधलं स्टील काढणं सोपं, भरणं अवघड. हुक बारीक करायचा म्हणजे पोकळीत वेल्डिंगने धातू भरून पुन्हा ईडीएम, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी कोरकाम, करायचं. डिझाइन मुळात बरोबर होतं. चुकीचं उत्तर दिलं ते माझ्या प्रिंटने.

तेव्हापासून हुकवाला पार्ट मी आडवाच छापतो, सपोर्ट कितीही लागो. हुक खरोखर वाकवून बघायचा असेल तर एसएलएस नायलॉन सुचवतो. तिथे लेझर पावडर वितळवून जोडतो, दिशेचा फरक बराच कमी पडतो, आणि सुटी पावडरच आधार देते. तरी मोल्ड कापण्याआधी हुकाचा हिशेब मोल्डिंगच्या मटेरिअलवरच करा.

पीएलए हे एफडीएममध्ये नेहमी वापरलं जाणारं प्लास्टिक सुमारे ६० अंशांना मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेला नमुना ग्राहकाकडे वाकडा पोचतो.

एसटीएल फाइलमध्ये, म्हणजे पार्टचा आकार छोट्या त्रिकोणांत मांडून प्रिंटला देतात त्या फाइलमध्ये, एकक नसतं. इंचातला पार्ट मिलिमीटर समजून छापला की २५.४ पट लहान निघतो. म्हणून स्लायसरमध्ये (फाइलचे थर पाडणारं सॉफ्टवेअर) एक तरी माप तपासल्याशिवाय मी बटण दाबत नाही. एक्सपोर्ट मोठ्या त्रिकोणांत केला तर बेअरिंगची गोल जागा बहुकोनी येते, आणि दोष प्रिंटरला मिळतो.

एफडीएममध्ये भोकं लहान येतात. नेमकं माप हवं तिथे मी मुद्दाम थोडं कमी ठेवून नंतर ड्रिल मारतो. प्लास्टिकला थेट टॅप मारून, म्हणजे भोकात आटे पाडून, रोज स्क्रू उघडझाप करू नका, आटे झिजतात. आतून आटे असलेली पितळी इन्सर्ट सोल्डरिंग आयर्नने तापवून बसवा.

दिसण्यासाठीच नमुना हवा असेल तर १९८६ साली चक हल यांना पेटंट मिळालेली स्टिरिओलिथोग्राफी, म्हणजे द्रव रेझिन प्रकाशाने थराथराने घट्ट करायची पद्धत, आजही माझी पहिली पसंती आहे. फक्त रेझिनचा पार्ट धुतल्यावर पूर्ण सुकू द्या, मगच यूव्हीखाली ठेवा. ही घाई पृष्ठभागावर दिसते.

आणि २० नग हवेत म्हणून वीसदा प्रिंट काढत बसू नका. एक मास्टर छापा, त्यावर सिलिकॉनचा साचा करा आणि व्हॅक्यूम कास्टिंगने, म्हणजे हवा काढून घेत, पॉलियुरेथेन हे द्रव प्लास्टिक ओता. एक साचा साधारण तेवढे नग देतो. मास्टरवर राहिलेली थराची एक रेघ मात्र प्रत्येक नगावर उतरते. मी आधी २२०, मग ४०० चा पेपर, प्रायमर, नंतर ८०० चा पेपर पाण्यासकट मारतो. यात अर्धा दिवस जातो, आणि तो मी कोटेशनमध्येच धरतो.